रामदासपेठेतला पेला

मनोहरराव नावाच्या एका गृहस्थानं मला माझंच नागपूर फिरवून दाखवलं, त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. कुठल्या मोहल्ल्यात कसली माणसं राहतात हे पाहायला मला शहरभर हिंडावं लागत नाही. मोहल्ले आपल्या पायांनी दुकानात येतात. महालातली बाई कळशी घेताना बोटानं वाजवून पाहते. धरमपेठेतली वाजवत नाही, तिच्यात स्वतःचं तोंड पाहते. सीताबर्डीचा माणूस शिरतो घाईघाईत आणि बसतो सगळ्यांत जास्त वेळ. माणूस पायरी चढला की मी त्याला मनातल्या तराजूत टाकतो: धातू किती, कल्हई किती. मनोहरराव पहिल्यांदा पायरी चढले तेव्हा मला नुसती कल्हई दिसली. पण ते मुलाचे बाप होते आणि मी मुलीचा मामा. अशा वेळी मामानं तराजू खाली ठेवायचा असतो, असं आमच्याकडे मानतात. मी ठेवला.

मुलगी म्हणजे माझी भाची चारुशीला. तिची आई, माझी बहीण, चारु लहान असतानाच गेली. वडील चंपतराव यांची नरखेडकडे संत्र्यांची बाग आहे, आणि माणूसही संत्र्यासारखाच, कुणीही नख लावावं आणि सोलावं. पोरीला वाढवलं तिच्या आत्यानं, भागीरथाबाईंनी. कॉलेजसाठी चारु आमच्या माडीवर राहायला आली तेव्हापासून तिचं हसणं जिना उतरून खाली दुकानात यायचं आणि गिऱ्हाईक हातातलं पातेलं विसरून वर पाहायचं. आमच्या हिला काळजी वाटायची. मला नाही वाटली. अस्सल पितळ आवाज करतंच.

घर पाहायला जायच्या आदल्या दिवशी चारु आत्याला म्हणाली, "आत्या, घर लहान असलं तरी चालते मले. पण तिथं मोठ्यानं बोलता-हासता आलं पायजे. कुजबुज करत नाई जगता येणार मले."

"पाहून येतो बाप्पा," भागीरथाबाई म्हणाल्या. "कान उघडेच ठेवतो."

आता आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. मुलीकडची मोठी माणसं मुलाचं घर पाहायला जातात. घर पसंत पडलं तर मुलाकडच्या हातचं पाणी घ्यायचं, नाही पडलं तर कोरड्या तोंडानं उठून नमस्कार करायचा. पाणी घेतलं म्हणजे शब्द दिला. घरीच घेतलं पाहिजे असं नाही. रस्त्यात, बाजारात, मुलाकडच्या माणसानं दिलेलं पाणी ओठाला लागलं की संपलं. चंपतरावांच्या एका काकानं असंच मुलाच्या बापाच्या हातचं ताक घेतलं होतं. ताक म्हणजे पाणी नव्हे, असा वाद त्यानं घालून पाहिला. चार वडीलधाऱ्यांनी निकाल दिला की ताकात पाणी असतंच. पोरगी तिथंच द्यावी लागली.

आणि मनोहररावांनी दिवस ठरवला मे महिन्यातला.

साल एकोणऐंशी. ज्यानं नागपूरचा मे काढलेला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. सकाळीच रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. चंपतरावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला होता. मनोहरराव जीप घेऊन आले. चालवायला स्वतः मुलगा, पुंडलिक. एका ऑफिसात ओव्हरसिअर, उंच, नीटस, भांग पाडलेला. नमस्कार केला आणि गप्प बसला.

"चला," मनोहरराव म्हणाले, "घर रामदासपेठेत आहेच. त्याआधी आपल्याला शहर दाखवतो."

"मी इतवारीचाच आहे," मी म्हटलं.

"अहो भैय्याजी, इतवारी म्हणजे जुनं नागपूर. मी आपल्याला आधुनिक शहर दाखवतो!"

'आपल्याला' वर त्यांचा फार जोर होता. आमच्यात मले-तुले बोलणारा माणूस एकदम पुण्याचं बोलायला लागला की समजावं, कल्हई ताजी आहे.

गांधीबागेपर्यंत ठीक होतं. तिथं पाणपोई होती, लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, त्यावर ओगराळं. भागीरथाबाईंनी जीप थांबवायला लावली, भावाला उतरवलं आणि पोटभर पाणी पाजलं. पाणपोईचं पाणी कुणाच्याच घरचं नसतं, त्याला सोयरिकीचा विटाळ नाही.

भागीरथाबाईंची आणखी एक गोष्ट. आदल्या वर्षी गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. साठीला टेकलेली ही बाई त्यात जाऊन वाचायला शिकली आणि तेव्हापासून थांबलीच नाही. डोळ्यासमोर येईल ते अक्षर मोठ्यानं वाचायचं, बोट फिरवत. जीपमध्ये बसल्यापासून त्यांनी शहर वाचायला घेतलं.

"ये-थे... सा-य-कल... भा-ड्या-ने... मि-ळे-ल. येथे जा-हि-रा-त लावू नये. काहून गा, लावू नये तं ही काय लावली आहे?"

"बाई, शहराकडे बघा. पाट्या काय बघता?" मनोहरराव म्हणाले.

"शहर पाट्यायवरच लिवलं आहे ना, भाऊ."

बर्डीवर मनोहररावांनी पहिला डाव टाकला. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी जीप उभी केली, खाली उतरले आणि स्वतःच्या हातानं बर्फ घातलेला ग्लास चंपतरावांपुढे धरला. चंपतरावांचा हात निघालाच होता. भागीरथाबाईंनी तो मनगटापाशी धरला.

"रस आहे हो हा, पाणी नाही!" मनोहरराव हसून म्हणाले.

"आमच्या काकाचं ताक बी पानी नोतं," बाई म्हणाल्या.

तिथून पुढे सिव्हिल लाइन्स. दुतर्फा मोठी झाडं, लांब लांब कुंपणं, आत कुठंतरी खोल बंगले. मनोहरराव एकेक इमारत हातानं दाखवत होते, जणू सगळ्यांच्या चौकटी त्यांनीच बसवल्या. हे कोर्ट. इथं अधिवेशन भरतं. हा रस्ता बघा, किती रुंद! ऊन बघा, कसं स्वच्छ पडलंय! उन्हाचंही श्रेय घेणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्या गल्लीत पडतं ते काय उष्टं असतं?

"पानपोई कुठं आहे अठी?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"इथं कशाला असेल?"

"काहून? अठल्या लोकायले तहान नाई लागत?"

"इथले लोक पायी चालत नाहीत, बाई."

"आन् हे?" बाईंनी बोट केलं. एक माणूस डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या स्वच्छ उन्हातून चालला होता. एक बाई पोर कडेवर घेऊन कुंपणाच्या सावलीनं सरकत होती. मनोहररावांनी तिकडे पाहिलं नाही. पाट्याही तिथं इंग्रजीत होत्या. भागीरथाबाईंनी दोन-तीनवर बोट फिरवून पाहिलं आणि सोडून दिलं. "यायचं सगळंच कुलपात," त्या म्हणाल्या.

मी मनातल्या मनात तेव्हापासून शहराचा वेगळाच हिशेब मांडायला लागलो. मोहल्ला किती मोठा, हे रस्त्याच्या रुंदीवर धरायचं की दारातल्या माठावर? माठावर धरलं तर मनोहररावांचं सगळं आधुनिक शहर त्या दिवशी बुडीत खात्यात गेलं असतं. सेमिनरी हिल्सवर वारा होता, पाणी नव्हतं. फुटाळ्यावर डोळ्यांपुढे तलावभर पाणी, आणि चंपतराव कोरडी जीभ ओठांवरून फिरवत काठावर बसलेले. अंबाझरीला तेच. मनोहरराव थर्मासचं झाकण उघडून बाजूलाच उभे. "एक घोट, चंपतरावसाहेब. ऊन लागेल."

हा माणूस आम्हाला शहर दाखवत नव्हता. तहान लावत होता. हे माझ्या ध्यानात आलं अंबाझरीच्या बांधावर, आणि एवढ्या उशिरा आलं याचा मला जास्त संताप आला. सकाळीच थेट रामदासपेठेत नेलं असतं तर आम्ही ताज्या डोळ्यांनी घर पाहिलं असतं. आता आम्ही घर पाहायच्या अवस्थेत नव्हतो. सावली आणि पेला दिसला की कुठल्याही घराला हो म्हणालो असतो.

"मनोहरराव," मी म्हटलं, "आता घर दाखवा."

"अजून शंकरनगर राहिलं..."

"राहू द्या. शंकरनगर कुठं जात नाही."

रामदासपेठेतला बंगला खरोखर देखणा होता. फाटकावर बोगनवेल, आत मोगऱ्याचे वाफे, पायऱ्यांना लाल फरशी. भागीरथाबाई फाटकाशी थबकल्या. वाचायला पाटीच नव्हती. खांबावर एक उजळ चौकोन आणि चार खिळ्यांची भोकं.

"पाटी कुठं गेली?"

"रंगवायला दिली," मनोहरराव म्हणाले. पुंडलिकनं जीपच्या चाकाकडे पाहिलं.

आत गेलो आणि माझा सगळा राग निम्म्यावर आला, हे कबूल केलंच पाहिजे. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, कूलरचा गारवा, वाळ्याचा ओला वास. उन्हातून आलेल्या माणसाला असल्या खोलीत बसवून काय हवं ते लिहून घ्यावं. चंपतराव गादीच्या खुर्चीत बसले आणि त्यांचे डोळे मिटायला लागले.

मुलाची आई, इंदूबाई, समोर खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. पदर मांडीवर घट्ट धरलेला, जणू सुटला तर कशाला तरी लागेल. मी विचारलं, "कूलर कधी घेतला?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "मागच्या वर्षी." मी विचारलं, "मोगरा छान लावला आहे, तुम्हीच पाहता?" त्यावर मात्र त्या चटकन म्हणाल्या, "हाव, पानी मीच घालतो," आणि मनोहररावांनी एवढ्यानं खोकून घेतलं की त्या पुन्हा गप्प. पुंडलिक दारात उभा होता. आत येताना त्यानं जोडे काढले आणि मोजेही. सगळे हळू बोलत होते. माझ्या कानात चारुचं बोलणं घुमत होतं, पण कूलरचा आवाज त्याहून गोड लागत होता.

"मग?" मनोहररावांनी हात चोळले. "पसंत?"

चंपतरावांनी बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. "पसंत आहे," ते म्हणाले.

"अगं, पाणी आण!"

इंदूबाई आत गेल्या. कपाटाचं एक दार उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं. काहीतरी पडलं. मग पुन्हा एक दार. पाण्याचा पेला काढायला कुठल्याच बाईला आपल्या स्वयंपाकघरात इतका वेळ लागत नाही, पण तेव्हा आम्ही सगळे पाण्याचीच वाट पाहत होतो. शेवटी त्या तबक घेऊन आल्या. स्टीलचे उंच पेले, बाहेरून घाम आलेले.

चंपतरावांनी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला.

शेजारी बसलेल्या भागीरथाबाईंच्या डोळ्यांपुढे त्या पेल्याची कड आली, आणि कडेखाली अक्षरं. आता या बाईपुढे अक्षर आलं म्हणजे ती काय करणार? बोट लावलं आणि वाचायला लागल्या.

"सौ... प्रे... मि... ला... ब-क्षी."

चंपतरावांचे ओठ पेल्यापाशीच थांबले.

"कोन वं बाई ही प्रेमिला बक्षी?" भागीरथाबाईंनी इंदूबाईंना विचारलं.

आपल्याकडे भांड्यावर नाव टाकल्याशिवाय भांडं घरात जात नाही. पंगतीत, लग्नात भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून बायका चमच्यावरही नाव टाकून घेतात. माझ्या दुकानात सगळा दिवस तेच चालतं, मशीन घरघरत असतं. ज्यांनी फाटकावरची पाटी आठवणीनं उतरवली त्यांना घरातल्या प्रत्येक वाटीला एकेक पाटी असते हे सुचलं नाही. आणि भांडेवाला असून मलाही त्या गारव्यात दिसलं नाही, तो भाग वेगळा.

"आहेर!" मनोहरराव म्हणाले. "बक्षींकडून आहेर आला होता. वास्तुशांतीला."

"पेले आहेरात येतात," भागीरथाबाई म्हणाल्या. "चंपत, ठेव तो खाली."

चंपतरावांनी ठेवला. त्या पेल्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी पुढे कधी पाहिली नाही.

बाई उठल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. मागोमाग मनोहरराव, त्यांच्या मागे मी. "कळशी. ब-क्षी. पातेलं... बक्षी. हा डाळीचा डबा, हा बी बक्षी. काय गा मनोहरराव, बक्षीनं तुमाले झारा बी आहेरात देल्ला?"

"बाई, आपण जरा बसून..."

"नाव तुमचं एखाद्या चमच्यावर असन तं दाखवा. म्या बसतो."

तेव्हा दारातून आवाज आला, आणि तो इतका मोठा होता की आधी मला कळलंच नाही कुणाचा.

"साहेबाचं घर आहे हे!" इंदूबाई. "यायच्या साहेबाचं. दत्तोपंत बक्षीचं. ते गेले पचमढीले, झाडायले पानी घालाले किल्ली माह्यापाशी देल्ली. जीप बी त्यायचीच. म्या म्हटलं होतं, नका करू, नका करू..."

"हळू बोल!" मनोहरराव दात आवळून म्हणाले.

"आता काहून हळू? आता कोन झोपलं आहे अठी?"

मी मनोहररावांना विचारलं, "लग्न झाल्यावर काय सांगणार होते तुम्ही? साहेब पचमढीहून परत आले असते ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी पोरकट विचारलं. आणि या वेळी कल्हई पार उडालेली होती. "भैय्याजी, पोरगी घरात आली का मंग घर कोन पायते? सगळे असंच करतात. तुम्ही बी मोडकी कळशी चांगल्या बाजूनं दाखवत असान गिऱ्हाइकाले."

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी बक्षीबाईंचा झारा माझ्या हाताशी होता, एवढंच सांगतो.

"तुमचं घर कुठं आहे?" भागीरथाबाईंनी विचारलं. मनोहररावांना नाही, इंदूबाईंना.

"नंदनवनात."

"चाल. दाखव."

बाईंनी जीपमध्ये बसायला नकार दिला. आम्ही ऑटो केला. मागे चंपतराव आणि दोघी बायका, मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर. जीप मागून येत होती, बापलेक आत. धंतोलीतून गेलो. दवाखान्यांच्या समोर झाडाखाली गावोगावची माणसं डबे उशाशी घेऊन पडलेली. सकाळपासून शहर वाचणाऱ्या भागीरथाबाईंनी तिथं एकही पाटी वाचली नाही. माझी बहीण तिथल्याच एका खोलीत गेली होती. चंपतरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. कॉटन मार्केट ओलांडलं आणि मग इंदूबाई बोलायला लागल्या त्या थांबेनात. सकाळपासून त्यांनी किती बोलणं गिळलं होतं हे तेव्हा कळलं. साहेबाच्या सोफ्याला पदर लागू नये म्हणून कंबर कशी दुखली, पेल्यांचं कपाट कसं सापडेना, सगळं. मध्येच त्या स्वतःवरच हसल्या. खळखळून, तोंडाला पदर न लावता. भागीरथाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला चारु आठवली. त्यांनाही आठवली असणार.

नंदनवन तेव्हा नवीन वसत होतं. आखलेले प्लॉट, मधूनमधून घरं, काळ्या मातीला पडलेल्या भेगा, सावली म्हणावी अशी कुठंच नाही. इंदूबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, निळ्या चुन्यानं रंगवलेलं. आणि दारात कोवळ्या कडुलिंबाखाली पळसाच्या फांद्यांचा मांडव घालून त्यात रांजण अर्धा पुरलेला. ओलं फडकं, वर झाकण, साखळीनं बांधलेला पेला. एक हमाल आणि एक हातगाडीवाला तिथं टेकून बसले होते.

सकाळपासून आम्ही सगळ्या आधुनिक शहरात जो रांजण शोधत होतो, तो यांच्या दारात होता.

"हे लपवत होते तुम्ही?" मी मनोहररावांना म्हटलं. ते जीपमधून उतरत होते. "हे?"

"दारात हमाल बसतात, भैय्याजी. सोयऱ्यायले काय दाखवाचं?"

सांगतो, बंगल्यातल्या खोटेपणापेक्षा मला याचा जास्त राग आला. नसलेलं दाखवणारा माणूस मी बाजारात रोज पाहतो. चांगलं आहे ते लाजेनं लपवून ठेवणारा त्याहून वाईट. त्याला आपल्या दारातला माल कळत नाही, तो दुसऱ्याच्या पोरीची काय किंमत करणार?

भागीरथाबाईंनी घर पाहिलं. चूल, देव्हारा, भिंतीवरची फळी. फळीवरच्या पितळी तांब्यावर बोट फिरवलं. "इं-दू," त्यांनी वाचलं आणि तांब्या हळूच जागेवर ठेवला. मग बाहेर येऊन पुंडलिकसमोर उभ्या राहिल्या.

"बेटा, तुही माय सकाळ-संध्याकाळ हा रांजण भरते. तू आमाले एवढा वेळ गाडीत फिरवून राहिला. फाटकापाशी तरी म्हणाचं होतं, हे घर आमचं नाई. काहून नाई बोलला?"

"बाबा म्हणाले होते..." पुंडलिक म्हणाला.

दिवसभरात तो बोलला ते एवढंच.

"आन् उद्या बाबा म्हणन का बायकोले चूप बसव, तं?"

तो जीपच्या किल्लीकडे पाहत राहिला. वाईट मुलगा नव्हता, हे मी अजूनही म्हणेन. पण किल्लीकडेच पाहत राहिला.

चंपतराव मध्ये पडले. "बाई, घर चांगलं आहे. माय तं लाखातली आहे."

"मले बी पसंत आहे माय. मंग पोरगी मायले देतं का?"

इंदूबाई तोवर आतून आपला तांब्या भरून घेऊन आल्या होत्या. हे ऐकलं आणि तिथंच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तांब्या पुढे करावा की मागे न्यावा, हे त्यांना कळेना. एवढ्या उन्हात, एवढ्या फरफटीनंतर, त्या बाईच्या हातचं पाणी नाकारायचं म्हणजे जी एकटी खरं बोलली तिचाच अपमान. आणि घ्यावं तर चारु त्या किल्लीला बांधली गेली. चंपतराव तांब्याकडे पाहत होते. मी भागीरथाबाईंकडे.

बाई ओट्यावरून उतरल्या. मांडवात गेल्या, हातगाडीवाल्याला म्हणाल्या, "सरक गा थोडा," रांजणाचं झाकण काढलं, साखळीचा पेला बुडवला आणि उभ्यानंच घटाघटा प्याल्या. मग पेला भरून भावाला दिला. चंपतरावांनी तो असा संपवला की साखळी ताणली गेली.

"घेतलं!" मनोहरराव ओरडले. हमालाला, रस्त्याला, सगळ्या नंदनवनाला ऐकू जाईल असे. "आमच्या दारचं पाणी घेतलं! भैय्याजी, तुम्ही साक्षी आहात. दोघांनी घेतलं! आता शब्द फिरवता येणार नाही!"

हा माणूस अजूनही डाव खेळत होता! मी पुढे झालो, पण भागीरथाबाईंनी हात वर केला. रांजणाच्या पोटावर गेरूनं काही अक्षरं काढलेली होती, पाण्यानं थोडी ओघळलेली. त्यांनी बोट लावलं.

"को... णी... ही... प्या... वे." वळून त्यांनी इंदूबाईंना विचारलं, "तुह्याच हातचं आहे का वं हे?"

इंदूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. त्यांच्या हातातला तांब्या तसाच होता.

"हाव," त्या म्हणाल्या, मोठ्यानं. "म्याच लिवलं. कोनीबी पेवो. हे पानी सोयरिकीचं नाई, मनोहररावच्या घरचं बी नाई. पानपोईचं आहे."

हमाल हसला. मनोहररावांनी हमालाकडे असं पाहिलं की तो पुन्हा रांजणाकडे वळला आणि तोही एक पेला बुडवून प्याला.

आम्ही निघालो तेव्हा भागीरथाबाईंनी इंदूबाईंचे दोन्ही हात धरले. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी तेवढंच काय ते हळू बोलणं झालं.

इतवारीत परतलो. चारु माडीच्या जिन्यात वाट पाहत होती. चंपतरावांनी दुपट्टा सोडला आणि पोरीच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. सोयरीक मोडली हे वडिलांनी सांगायचं असतं, त्यांना जमेना.

"आत्या," चारुनं विचारलं, "त्यायच्या घरी मोठ्यानं बोलत होते का?"

"माय बोलली," भागीरथाबाई म्हणाल्या. "शेवटी बोलली. तो नाई बोलला."

चारुनं मान हलवली. बस, एवढंच विचारलं. मग वडिलांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि ते पीत असताना आत्यानं तिला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली: रस, थर्मास, खिळ्यांची भोकं, बक्षीबाईंचा झारा. मी खाली येऊन दुकानात बसलो. कोणी गिऱ्हाईक एक कळशी वाजवून पाहत होतं. भागीरथाबाई रांजणापाशी पोचल्या असाव्यात, कारण वरून हसू आलं, जिना उतरून, सगळ्या भांड्यांवर आदळत. गिऱ्हाइकानं कळशी हातातच धरून वर पाहिलं.

"कोण हसलं हो?"

"माझी भाची," मी म्हटलं, "कळशी घ्या, नाव काय टाकायचं ते सांगा."